शर्यतीच्या गाडीला मागची सीट

कलकत्ता
८ ऑक्टोबर १९८२

प्रिय चंद्रकांतावहिनी,

चार महिन्यांनी नणंदेचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच भाऊला ऐकवलं असशील. एका बाकावर बसून शाळा शिकलो, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तर काम आहे, आणि ते ट्रकवर चढून साकोलीला यायला निघालंसुद्धा आहे.

ह्यांनी, म्हणजे तुमच्या लाडक्या जावयांनी, शेठची शर्यतीची फियाट उलटवली. इथे शहराबाहेर जुनी विमानपट्टी आहे, तिथे गाड्यांच्या शर्यती होतात. पूर्वी शेठचा मुलगा गाडी पळवायचा. एकदा त्याच्या गुडघ्याला खरचटलं, तेव्हापासून त्याला व्यापाराची गोडी लागली आणि शेठनी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे ह्यांना, गाडीत बसवलं. ह्याला इथे टीम म्हणतात. गाडी पहिली आली की शेठ जिंकतात, गाडी उलटली की ताराचंद आपटतात.

मी डबा घेऊन दोरीच्या अलीकडे उभी होते. वळणावर गाडी वाळूच्या पोत्यांवर चढली आणि कोलांट्या खात गेली. शर्यतीच्या गाडीत वजन नको म्हणून मागची सीट काढून टाकतात आणि ड्रायव्हरभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात. त्या पिंजऱ्यामुळे हे जिवंत बाहेर आले. कपडे झटकून मला म्हणाले, "गाडीला जरा लागलं." जरा! छप्पर चेपून पिंजऱ्याला चिकटलं होतं आणि पुढची चाकं एकमेकांकडे पाहत होती.

इथल्या वर्कशॉपवाल्याने सांगितलं, सांगाडा गेला, नवीन घ्या. त्याने सांगितलेला आकडा ऐकून शेठनी पाणी मागितलं. टायरं एका दिवसात झिजतात, इंजिन दर शर्यतीला उघडावं लागतं, त्यात हे. मग तुमचे जावई मोठ्या ऐटीत म्हणाले, माझा मेहुणा साकोलीला हायवेवर डेंटिंग करतो, तो ट्रक सरळ करतो, फियाटचं काय घेऊन बसलात. शेठना स्वस्त शब्द फार आवडतात. हे गाडीबरोबरच येत आहेत. चांगलं खाऊ घाल.

तुझी,
लीला

*

साकोली
२४ ऑक्टोबर १९८२

प्रिय लीलाबाई,

तुझं काम पोचलं. ट्रकवरून उतरवलं तेव्हा अर्धी साकोली बघायला जमली होती. पानठेल्यावरच्या चिंधूने विचारलं, "हे गाडी होय का पापड?" तुझा भाऊ गर्दीतून पुढे आला. गाडीभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं, छपरावर हात ठेवला आणि उभा राहिला. लग्नाआधी मला पाहायला आला होता तेव्हा इतका वेळ पाहिलं नव्हतं.

जावई दोन दिवस राहिले. मी रोज मासळी केली. कलकत्त्याच्या हवेने माणूस फार रुबाबदार झाला गं. सारा वेळ डावा हात पँटच्या खिशात. चहा उजव्या हाताने, पान उजव्या हाताने, नमस्कारसुद्धा नुसती मान हलवून. मी ह्यांना म्हटलं, बघा, अशी ऐट असावी लागते.

तू काळजी करू नकोस. जावयांनी सांगितलं, जानेवारीच्या शर्यतीआधी गाडी हवी आहे आणि तू लाजून लिहिलं नसशील. तुझ्या भावाने वेळेवर केलेलं एकही काम ह्या तालुक्यात सापडणार नाही. माझ्या शिलाईमशीनचं पायडल तीन दिवाळ्या तुटलेलं आहे. पण मी ह्यांच्या डोक्यावर बसून गाडी डिसेंबरात पाठवते. नणंदेसाठी एवढं नाही करणार?

तुझी,
चंद्रकांता

*

कलकत्ता
४ नोव्हेंबर १९८२

वहिनी,

डोक्यावर बसू नकोस. कृपा कर, खाली उतर.

ती ऐट नव्हती. ह्यांच्या डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. गाडी उलटली तेव्हा मनगट कशात तरी अडकलं, हाड बसवलं पण मूठ होत नाही. सकाळी शर्टाची बटणं मी लावते. फियाटचा गियर स्टिअरिंगखाली डाव्या हाताला असतो, तो ओढायला चार बोटं लागतात. शेठला माहीत नाही. हे सांगत नाहीत आणि मला शपथ घातली आहे. म्हणतात, जानेवारीपर्यंत होईल ठीक. कोणत्या डॉक्टरने सांगितलं? कोणत्याच नाही. शेठनी सांगितलं की गाडी आली की तूच चालवशील, तेवढ्यावर हात बरा होणार आहे.

हे पूर्वी ट्रक चालवायचे तेव्हा मी घाबरले नाही. आता घाबरते. मुन्नी पाच वर्षांची आहे. मला ती गाडी जानेवारीच्या शर्यतीआधी इथे नको. वाईट दुरुस्त करू नकोस म्हणावं, त्याने तर जीवच जाईल. नुसता उशीर. भाऊला कारण सांगू नकोस, तो ह्यांना लिहील आणि मग घरात राहणं कठीण होईल.

सगळ्या आयुष्यात एकदा तरी भावाच्या आळसाचा उपयोग होऊ दे.

लीला

*

साकोली
२२ नोव्हेंबर १९८२

प्रिय लीला,

तुझं पत्र वाचलं आणि जावयांना 'रुबाबदार' लिहिलं होतं ते आठवून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

उशीर करायचा म्हटल्यावर मी निश्चिंत झाले होते. उशीर हा तर आमच्या घरचा धंदा. पण काय सांगू, ह्या माणसाला गाडी झपाटून बसली आहे. पहाटे उठतो! मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून हा माणूस पहाटे उठलेला पाहिला नव्हता. परसातल्या चिंचेला साखळीने गाडीची शेपटी बांधली, पुढून ट्रक लावला आणि इंच इंच ओढत गाडी लांब केली. मग सुतळी घेऊन ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मापं. सुतळी जराशी कमी-जास्त भरली की पुन्हा ओढणं. जेवायला हाक मारली की म्हणतो, "थांब न, डावं अंग आताच मापात आलं हाय."

मी माझ्या परीने केलं. वेल्डिंगच्या गॅसची टाकी भंडाऱ्याहून येते, त्या टेम्पोवाल्याला मी सांगितलं की या महिन्यात आणू नको. हे स्वतः गेले आणि एस.टी.च्या टपावर टाकी चढवून घेऊन आले. मग मी म्हटलं, एकोडीच्या शेतात धान उभा आहे, माणसं मिळत नाहीत, तुम्हीच चला. ह्यांनी माणसं शोधून आणली आणि धान माझ्या आधी खळ्यावर पोचला. शेवटी मी आईचं दुखणं काढलं. हे म्हणाले, जा, खुशाल आठ दिवस राहा, म्हणजे मला मधे मधे जेवायला उठावं लागणार नाही.

मशीनचं पायडल अजून तसंच आहे, हे सांगायला नकोच.

तुझी,
चंद्रकांता

*

कलकत्ता
२ डिसेंबर १९८२

वहिनी,

एक टाकी अडवता आली नाही तुला. आणि वर मजेमजेचं पत्र लिहितेस.

शेठनी जानेवारीच्या शर्यतीत ह्यांचं नाव घातलं. हे रोज संध्याकाळी रबरी चेंडू दाबत बसतात. चेंडू दाबला जात नाही, हे मलाही दिसतं आणि त्यांनाही. मग मुन्नीला चेंडू देतात आणि म्हणतात, घे खेळ.

तुझा नवरा रोज जेवायला घरी येतो. म्हणून तुला सगळ्याचं हसू येतं.

लीला

*

साकोली
१९ डिसेंबर १९८२

प्रिय लीला,

तुझं बोलणं लागलं. लागायलाच हवं होतं. मी हसत लिहिते कारण मला रडत लिहिता येत नाही, पण तुला त्या वेळी हसू नको होतं.

आता वाईट बातमी. गाडी काल गेली. रायपूरकडे जाणारा ओळखीचा ट्रक मिळाला, पुढे कलकत्त्यापर्यंत दुसऱ्याची व्यवस्था झाली. मी ट्रकसमोर आडवी पडणार नव्हते, पण मनात आलं होतं. मला माफ कर.

गाडी सुंदर झाली आहे, हे कबूल करावंच लागेल. ह्यांनी जीव ओतला. छप्पर नवं पत्र्याचं, पहिल्यापेक्षा जाड. शर्यतीसाठी पत्र्याला जागोजागी भोकं पाडून ठेवली होती, ती सगळी बुजवली, उंदीर शिरतात म्हणाले. तो आतला नळ्यांचा पिंजरा कापून काढला. त्याचा मी परसात वालाच्या वेलाला मांडव केला, छान झाला. मग नागपूरहून मागची सीट आणून बसवली, हिरव्या रेक्झिनची, माझ्या मशीनवर शिवली. हो, त्यासाठी पायडल दुरुस्त झालं. तुझ्या नवऱ्याच्या गाडीमुळे माझी मशीन चालली, नशीब. वर सामानाला कॅरिअर बसवलं आणि खिडक्यांना पडदे लावले.

मी विचारलं, "हे शर्यतीचं आहे ना, मग सीट कायले?" तर माझ्यावरच डाफरले. "पटात ज्या छकड्यानं माणूस पाडला, त्या छकड्याले कोणी पुन्हा पटात नेते का? त्याले घरचा करतेत. बाया-लेकरं बसवतेत, जत्रेले नेतेत. माह्या बापानं जलमभर छकडे बांधले, मले शिकवतं का तू?"

तुला आठवतच असेल. आपल्याकडे शंकरपटाच्या शर्यतीत बैल बुजून छकडा उलटला की तुझे बाबा तो दुरुस्त करायचे आणि मालक तो मुकाट्याने घरी न्यायचा. दुसऱ्या वर्षी पटाला तो नवा छकडा आणायचा. ह्यांना वाटलं, कलकत्त्याचेही तसंच करत असतील. शेठनी दुरुस्तीला पाठवली म्हणजे आता ती घरची करायची, हे काय सांगावं लागतं?

तेव्हा लीला, गाडी तर येते आहे. पण तुझ्या त्या शेठना अशी गाडी पळवता येते का, हे मला कळत नाही. तूच काय ते कळव.

तुझी,
चंद्रकांता

*

कलकत्ता
४ जानेवारी १९८३

वहिनी गं,

मागच्या पत्रातलं माझं बोलणं विसर. नाही विसरलीस तरी हे वाच.

ताडपत्री काढली तेव्हा सगळी टीम उभी होती. शेठ, छोटे शेठ आणि वर्कशॉपचे दोघे. पडदे वाऱ्यावर हलत होते. शेठनी दार उघडलं, हिरवी सीट पाहिली, दार बंद केलं आणि पुन्हा उघडलं. कदाचित दुसऱ्यांदा वेगळं काही दिसेल असं वाटलं असेल. मग ह्यांना विचारलं, "ताराचंद, ये क्या है?" हे म्हणाले, "सीट है, शेठजी." माणूस खोटं तरी काय बोलणार! गाडी आता इतकी जड झाली आहे की शर्यतीत तिच्या पुढे ट्राम निघून जाईल. मला घरी आल्यावर इतकं हसू आलं की मी तोंडात पदर कोंबला. भाऊला देवाने काय बुद्धी दिली, असं मी दिवसभर म्हणत होते.

दिवसभरच. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मोठ्या मिस्त्रीने खाली झोपून मापं घेतली. उठला आणि म्हणाला, सांगाडा अगदी सरळ आहे, नव्या गाडीचा असतो तसा. सीट, कॅरिअर, पडदे काढायचे, नवा पिंजरा बसवायचा आणि गाडी शर्यतीला तयार. शेठ खूश. भाऊने काम वाईट केलं असतं तर मी सुटले असते, वहिनी. तो इतका हुशार कशाला झाला?

हे भाऊवर चिडले आहेत. म्हणतात, खुशालभाऊनी माझी गाडी मारली. चार माणसांत माझं हसं केलं. त्याला पत्र लिहायचं नाही असं मला बजावलं आहे. म्हणून तुला लिहिते.

येत्या रविवारी मिस्त्री सीट काढायला येणार. मी काय करू?

लीला

*

साकोली
१२ जानेवारी १९८३

लीला,

काय करावं ते मला सुचत नाही. शेठना जाऊन हाताचं सांग, एवढंच कळतं. शपथ मोडली तर मोडली, त्याचं पाप मी घेते.

इकडे हे रोज पोस्टमनच्या वाटेवर उभे असतात. "जवायाचं पत्र आलं का? शेठनं काय म्हटलं?" मी सांगते, टपाल उशिरा येतं. चिंधूला, ट्रकवाल्यांना, सगळ्यांना सांगत सुटले आहेत की कलकत्त्याला साकोलीची गाडी पळते आहे. मी कोणत्या तोंडाने सांगू की तिच्यावर लोक हसले?

चंद्रकांता

*

कलकत्ता
१७ जानेवारी १९८३

आदरणीय खुशालभाऊ,

ताराचंदचा नमस्कार. मला पत्राची सवय नाही, चूकभूल पोटात घालणे.

तुमची गाडी पोचली. पडदे छान आहेत. जन्मात पहिल्यांदा मी शर्यतीची गाडी पडद्यासकट पाहिली. पिंजरा कापायचा नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. चूक माझी. पण चिडलो मी तुमच्यावर. खूप. तुम्ही समोर असता तर काय बोललो असतो ते लिहिण्यासारखं नाही.

रविवारी मिस्त्री सीट काढायला येणार होता. सकाळी लीला म्हणाली, माझ्या भावाने बसवली आहे, वहिनीने शिवली आहे, काढायच्या आधी एकदा बसू तर द्या. ती आणि मुन्नी मागे बसल्या. मी मैदानाला चक्कर मारून आणावी म्हणून निघालो. गाडी तुमच्या हातची, सरळ रेषेत जाते, हात सोडला तरी वळत नाही. मी खूश होतो. चौकात ट्राम आडवी आली, गियर खाली ओढायला गेलो आणि माझ्या डाव्या हाताने दांडा सोडला. धरलाच नव्हता तो. गाडी नुसती घरंगळत गेली. ब्रेक लागला तेव्हा ट्राम हाताच्या अंतरावर होती.

तुम्हाला माहीत नाही, तो हात मिटत नाही. लीलाला माहीत होतं. शेठला नव्हतं.

एकटा असतो तर हसलो असतो आणि शर्यतीपर्यंत ठीक होईल म्हणालो असतो. मागून मुन्नी टाळ्या पिटून म्हणाली, "बाबा, पुन्हा!" तिला गंमत वाटली. मी आरशात पाहिलं. लीला तिला घट्ट धरून बसली होती. शर्यतीच्या गाडीत मागे कोणी नसतं, भाऊ. इतकी वर्षं गाडी पळवली, मागे पाहायची वेळच आली नव्हती. मी गाडी कडेला घेतली.

तसाच शेठकडे गेलो आणि हात टेबलावर ठेवून दाखवला. शेठ भला माणूस. हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, आधी सांगितलं असतंस तर ट्रकचं भाडं वाचलं असतं.

शर्यतीला दुसरा कोणी, दुसरी गाडी घेतील. ही शेठाणींना आवडली, त्या तिच्यात बसून देवळात जातात. पण त्यांच्यासाठीही दोन हातांचा ड्रायव्हर ठेवला आहे. मला महिनाअखेर सुट्टी.

आता राग नाही. लाज आहे, ती जाईल. तुमच्या गॅरेजात एका हाताच्या माणसाला काही काम असेल तर कळवा. नसेल तर तसंही कळवा, लीलाला मी समजावीन. आणखी काही मागायला मला जमत नाही.

आपला,
ताराचंद

*

साकोली
२५ जानेवारी १९८३

जावईबुवांस व चि. लीलास,

तुमचं पत्र मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ट्रामपाशी थांबवलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, लिही. ह्या माणसाने आजवर कोणाला पत्र सांगितलेलं नाही. ते बोलले तसं लिहिते, माझ्याकडून एक अक्षर घातलेलं नाही:

"जवाई, एवढं मोठं पत्र लिवलं, पन गाडी किती पळते ते लिवलंच नाई. शेठानीले सांगजा, पाण्यापावसात कॅरिअरले तेल लावत जाय, नाईतं गंजून जाईल.

तू मले हात काहून नाई दाखवला? माह्या घरी दोन दिवस जेवला, खिशात हात घालून. मी का परका होतो? मले लई वाईट वाटलं.

आता काम. डेंटिंगले दोन हात लागतेत, हे खरं हाय. पत्र्याच्या आतून एका हातानं लोखंडाची डॉली धरा लागते न बाहेरून दुसऱ्या हातानं हातोडी मारा लागते. तुह्या उजव्यात ताकद हाय, ते मी पाहिली हाय. गोंदियाले उतरून घ्या, मी घ्याले येतो. लीलाले न पोरीले घेऊन ये. हातोडी तू मार. डॉली मी धरतो."